ओंकारेश्वरची सहल आणि नावेचा प्रश्न





गेल्या डिसेंबरात आपल्या शाळेची सातवी-आठवीची ३१ मुले शनिवार-रविवार अशी दोन दिवस ओंकारेश्वरला जाऊन आली. त्या सहलीविषयी लिहावे, असे विश्वस्त मंडळाने सुचविले. शिवाय अनेक पालकांनी विचारले की, आम्हांलाही घरच्या मंडळींना घेऊन जायचे आहे, तर कसे जावे, कोठे उतरावे, आणि मुख्य म्हणजे मुलांना नावेत बसवावे की नाही? म्हणून हा लेख. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेव्हा भाषेची चूकभूल द्यावी घ्यावी.

सहलीची सूचना फळ्यावर लागली, त्याच दिवशी दोन पालक आमच्या कार्यालयात आले होते. त्यांचे म्हणणे सरळ होते. बेटावर जायला पूल आहे, मग नाव कशाला? त्यांच्या मनात वडोदऱ्याची घटना होती. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली आणि १२ मुले व २ शिक्षिका बुडून मरण पावल्या. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सर्वांच्या अंगात लाईफ जॅकेट नव्हते. वडोदरा हे आपल्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या मराठी वस्ती असलेले शहर. आपल्यापैकी कित्येकांचे सोयरे तेथे आहेत. त्यामुळे ती बातमी आपल्या घरातलीच वाटली. ती वाचून आम्हांलाही त्या रात्री झोप लागली नव्हती. तेव्हा त्या पालकांची भीती आम्ही उडवून लावली नाही. विश्वस्तांच्या बैठकीत हा विषय तासभर चालला.

शेवटी ठरले ते असे. नाव टाळायची नाही, पण समजून घेतल्याशिवाय नावेत पाय ठेवायचा नाही. आज आम्ही मुलांना पुलावरून नेऊ. पण चार वर्षांनी हीच मुले मित्रांबरोबर, आपल्या नजरेआड, कोठल्या तरी घाटावर नावेत बसणारच आहेत. तेव्हा तेथे ना शिक्षक असतील, ना आई-वडील. त्या दिवशी उपयोगी पडेल ते आजच शिकवावे, हा आमचा विचार. ज्या पालकांना तरीही नको होते, त्यांच्या पाल्यांसाठी पुलाचा मार्ग खुला ठेवला होता. शेवटी तशी वेळ आली नाही, पण ती मुभा खरी होती.

बेट कोठे आहे, कसे जावे

इंदूरहून ओंकारेश्वर सुमारे ८० किलोमीटर. सिमरोलचा घाट उतरून चोरल, बडवाह आणि मग मोरटक्क्याला नर्मदेचा पूल ओलांडला की डावीकडे ओंकारेश्वरचा रस्ता लागतो. घाटातली वाहतूक धरून अडीच-तीन तास सोडावेत. आपल्यातल्या आजी-आजोबांना ‘छोटी लाईन’ आठवत असेल. ओंकारेश्वर रोड स्टेशनवर उतरून पुढे टांग्याने किंवा बसने जायचे. त्या लाईनसाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, हे मुलांना सांगितले तेव्हा त्यांना मोठी गंमत वाटली. आता ब्रॉडगेजच्या कामासाठी ती जुनी गाडी बंद झाली आहे.

ओंकारेश्वरचे ज्योतिर्लिंग ज्या बेटावर आहे त्याचे नाव मांधाता. इक्ष्वाकु वंशातील मांधाता राजाने येथे तप केले, अशी कथा आहे. दक्षिणेकडून नर्मदेचा मुख्य प्रवाह जातो. उत्तरेकडच्या प्रवाहाला तेथील लोक कावेरी म्हणतात. बेटाच्या पश्चिम टोकाला दोन्ही प्रवाह एकत्र येतात, तो संगम. बेटाचा आकार ॐ सारखा आहे, अशी श्रद्धा आहे.

मुक्कामासाठी धर्मशाळा पुष्कळ आहेत. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानचे भक्तनिवासही येथे आहे आणि मराठी कुटुंबे बहुधा तेथेच उतरतात. महाशिवरात्र, श्रावणी सोमवार, कार्तिकी पौर्णिमा आणि अमावास्या हे दिवस मुलांना घेऊन जाण्याचे नव्हेत. गर्दीत घाटावर पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात पूर असतो आणि नावा बंद राहतात. दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीपर्यंतचा साधा शनिवार-रविवार सर्वांत चांगला.

नावेत बसण्यापूर्वी

सहलीच्या पंधरा दिवस आधी आम्ही आणि खेळाचे शिक्षक असे दोघे घाट पाहून आलो. एका नावेत बसलो, तर लाईफ जॅकेटे फळीखाली कोंबलेली. ओली, दोन-तीन तर बकलाशिवायची. आम्ही म्हटले, ही चालणार नाहीत. नाववाल्याचा चेहरा उतरला, तोही पोटासाठीच बसलेला असतो. पण आम्ही उतरलो. दुसऱ्या नावेतल्या केवटाने स्वतःहून जॅकेटे काढून दाखविली आणि म्हणाला, “दस से ऊपर एक भी नहीं बिठाऊँगा, चाहे आप नाराज़ हो जाओ.” आम्ही नाराज कशाला होऊ? त्याच्याशीच आणि त्याच्या तीन भाऊबंदांशी बोलणे ठरविले. भाडेही तेव्हाच ठरले. भाडे आधी ठरलेले असले म्हणजे जास्त फेऱ्या करण्याच्या घाईत जास्त माणसे भरण्याचा मोह राहत नाही.

मग शाळेत विज्ञानाच्या तासाला नावेचा पाठ घेतला. तो थोडक्यात असा.

नाव तरंगते, कारण ती आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. माणसे वाढली की ती आणखी पाणी सारते, म्हणजे आणखी खाली बसते. तेव्हा बसण्याआधी काठ पाण्यापासून किती वर आहे ते पाहावे. आम्ही नियम केला की सगळे बसल्यावर काठ आणि पाणी यांत निदान हातभर अंतर हवे. तेवढे नसेल तर कोणीतरी उतरायचे. ‘पाच मिनिटांचेच तर आहे’ हे उत्तर ऐकायचे नाही.

नाव स्थिर राहते ती वजन खाली असल्यामुळे. उभे राहिलो की वजन वर जाते आणि जरा कलली तरी ती परत सावरत नाही. सगळे एकाच बाजूला फोटो काढायला सरकले तर तेच होते. म्हणून नावेत बसल्यावर उठायचे नाही, आणि किनारा आला तरी नाव बांधली जाईपर्यंत बसून राहायचे. पुष्कळ जण पडतात ते उतरण्याच्या घाईत.

आता लाईफ जॅकेट. माणसाचे शरीर जवळजवळ पाण्याइतकेच जड असते, म्हणून थोडीशी मदत मिळाली तरी तोंड पाण्यावर राहते. जॅकेट ती मदत देते. पण ते बांधलेले असेल तरच. नुसते गळ्यात अडकविलेले जॅकेट पाण्यात पडताच वर सरकून तोंडावर येते किंवा निघून जाते. तपासण्याची युक्ती सोपी आहे. सर्व पट्टे बांधून झाले की दुसऱ्याने दोन्ही खांद्यांना धरून वर ओढावे. जॅकेट कानांपर्यंत आले तर सैल आहे. मोठ्या माणसाचे जॅकेट लहान मुलाला चालत नाही. आणि ‘मला पोहता येते’ म्हणणाऱ्यानेही ते घालावे, कारण डोक्याला मार लागला किंवा अंगावर दुसरे कोणी पडले तर पोहणे कामाला येत नाही.

आपली नाव उत्तम आणि नावाडी शहाणा असला, तरी जॅकेट हवेच. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईला गेटवेहून घारापुरीच्या बेटाकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट येऊन आदळली आणि त्यात अनेकांनी प्राण गमावले. प्रवासी बिचारे सुट्टीच्या मजेसाठी निघालेले होते. चूक दुसऱ्याची असली तरी पाण्यात आपणच पडतो.

प्रत्यक्ष सहलीला आम्ही मोठी दहा माणसे होतो. चार नावा, प्रत्येकीत जास्तीत जास्त आठ मुले आणि दोन मोठे, त्यांतला एक पोहणारा. उरलेले दोघे दोन काठांवर एकेक. बसताना मोजणी, उतरल्यावर मोजणी. मुलांना हे सारे आधी कंटाळवाणे वाटले. पण नाव घाट सोडून मध्यावर आली, वारा लागला, समोर ओंकारेश्वराचे शिखर दिसू लागले, तेव्हा एकही मूल उभे राहिले नाही. त्या आनंदात कोणाची छाती धडधडत नव्हती, निदान आमची तरी कमी धडधडली.

बेटावर काय पाहिले

दर्शन घेऊन आम्ही परिक्रमेला निघालो. वाट सुमारे सात किलोमीटरची, पायऱ्या-चढणीची. मुलांसह चार तास धरावेत आणि पाणी बरोबर ठेवावे. वाटेत माकडे फार आहेत, म्हणून खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नये. संगमावर दोन प्रवाह वेगळे ओळखता येतात का, ते मुलांना पाहायला लावले. पुढे गौरी सोमनाथाच्या मंदिरात भलेमोठे शिवलिंग आहे. मामा-भाच्यांनी दोन बाजूंनी मिठी मारली तरच हात पोहोचतात, असे लोक सांगतात, म्हणून त्याला मामा-भांजे मंदिरही म्हणतात. सिद्धनाथ मंदिराच्या चौथऱ्यावर कोरलेले हत्ती पाहताना चित्रकलेची मुले हलेनात.

बेटाच्या टेकडीवर आता आद्य शंकराचार्यांची १०८ फूट उंच मूर्ती उभी आहे. तिचे अनावरण २१ सप्टेंबर २०२३ रोजी झाले. बालशंकरांना त्यांचे गुरू गोविंद भगवत्पाद येथेच भेटले, अशी परंपरा आहे. ही मूर्ती सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनी घडविली आणि तिच्यामागे मुंबईचे चित्रकार वासुदेव कामत यांचे चित्र आहे, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगावे.

दक्षिण काठावरचे मामलेश्वर मंदिर मात्र चुकवू नये. घरोघरी म्हटले जाणारे शिवमहिम्न स्तोत्र या मंदिराच्या भिंतीवर इ. स. १०६३ मध्ये कोरलेले आहे. जवळजवळ एक हजार वर्षांपूर्वीची ती अक्षरे! अहिल्याबाई होळकरांच्या काळापासून येथे मातीची पार्थिव लिंगे करून पूजण्याची आणि नर्मदेत विसर्जन करण्याची पद्धत चालत आली आहे. आपल्या इंदूरचा आणि या काठाचा संबंध केवळ सहलीचा नाही, तो असा जुना आहे.

पाऊस नाही, मग पाणी कोठून आले?

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, ती सांगतो.

रविवारी सकाळी साडेसातला आम्ही घाटावर होतो. आठवीतल्या एका मुलीला आम्ही खडू दिला आणि पाणी ज्या पायरीला टेकले होते तेथे रेघ मारायला सांगितली. मग सगळे पोह्यांच्या मागे लागले. नऊनंतर नावेने संगमापर्यंत जायचे ठरले होते आणि मुले त्याचीच वाट पाहत होती. तेवढ्यात भोंगा वाजला. आमचा केवट नाव काठाला ओढत म्हणाला, “भोंपू बजे तो हम खुद नहीं जाते, साहब.” अर्ध्या तासाने पाहिले तर खडूची रेघ पाण्याखाली होती, आणि तिच्या वरची पायरीही. समोरचे जे खडक सकाळी कोरडे होते, ज्यांवर दोन तरुण बसून फोटो काढत होते, ते दिसेनासे झाले होते. सुदैवाने ते दोघे भोंगा ऐकून उठले होते.

एका मुलाने विचारले, “सर, आकाश तर निरभ्र आहे. पाऊस नाही, मग पाणी कोठून आले?”

ओंकारेश्वरच्या अगदी वर, दिसेल इतक्या अंतरावर, धरण आहे. तेथे ६५ मेगावॅटचे आठ संच आहेत, एकूण ५२० मेगावॅट. त्याच्याही वर पुनासाजवळ इंदिरासागर धरण आहे, १,००० मेगावॅटचे. वीज मोठ्या प्रमाणात साठवून ठेवता येणे अवघड. लागेल तेव्हाच ती तयार करावी लागते. सकाळी घरोघरी मोटारी आणि गिझर सुरू होतात, संध्याकाळी दिवे लागतात, तेव्हा मागणी वाढते. जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू करता येतो, हा त्याचा मोठा गुण. पण संच सुरू झाला म्हणजे धरणातले पाणी त्यातून खाली येणार. एकामागून एक संच सुरू झाले की घाटाच्या पायऱ्या एकामागून एक बुडतात. पावसाळ्यात दरवाजे उघडतात, तेव्हा तर पाहायलाच नको. म्हणजे येथील नदी ऋतूप्रमाणे चालते तितकीच विजेच्या गरजेप्रमाणेही चालते. आपल्या आजोबांना नदीची जी ओळख होती, की पाऊस दिसला म्हणजे पाणी वाढेल, ती येथे पुरत नाही.

ही ओळख नसली म्हणजे काय होते, ते नर्मदेनेच दाखविले आहे. ७ एप्रिल २००५ च्या रात्री देवास जिल्ह्यात धाराजी येथे भूतडी अमावास्येच्या मेळ्यासाठी हजारो भाविक नदीच्या पात्रात मुक्कामाला होते. वरून इंदिरासागरातून सोडलेले पाणी तेथे पोहोचले आणि साठहून अधिक माणसे वाहून गेली. पाऊस नव्हता, वादळ नव्हते. पात्रात झोपलेल्यांना पाणी येत आहे हे कोणी सांगितले नाही, आणि सोडणाऱ्यांपर्यंत मेळ्याची खबर पोहोचली नाही. आज भोंगा वाजतो, त्यामागे असे अनुभव आहेत. म्हणून भोंगा म्हणजे गंमत नव्हे.

आमचे संगमापर्यंतचे नौकाविहार रद्द झाले. मुले हिरमुसली. आम्ही झुलत्या पुलावरून पलीकडे गेलो आणि पुलाच्या मध्यावर उभे राहून खालचे पाणी पाहिले. शनिवारी हिरवे, संथ असलेले पाणी आता भोवरे घेत धावत होते. कोणालाही काही समजावून सांगावे लागले नाही.

पालकांनी ध्यानात ठेवावे

घाटावर पोहोचल्याबरोबर नाववाल्याला किंवा घाटावरच्या माणसाला विचारावे की पाणी केव्हा सुटते. त्यांना रोजचे ठाऊक असते. भोंगा वाजला की दुसऱ्या भोंग्याची वाट न पाहता वर यावे. पात्रातल्या खडकांवर, वाळूवर कधीही जाऊ नये, मग ते कितीही कोरडे दिसोत. स्नान साखळी किंवा कठडा लावलेल्या घाटावरच करावे, आणि लहान मुलाचा हात मोठ्याच्या हातात असावा. शेवाळाने पायऱ्या निसरड्या असतात. अंधार पडल्यावर नावेत बसू नये. नाववाला ‘आज नको’ म्हणाला तर त्याचे ऐकावे, आणि तो ‘चला, चला’ म्हणाला पण आपले मन मानत नसेल, तर आपल्या मनाचे ऐकावे. पूल आहेच. परत फिरण्यात कमीपणा नाही, हे मुलांनी आपल्याकडूनच शिकायचे असते.

शेवटी एक गोष्ट. इंदूरच्या नळाला येणारे पाणी नर्मदेचेच. ओंकारेश्वरच्या खाली, मंडलेश्वरजवळ जलूद येथून ते पंपाने उचलून सुमारे सत्तर किलोमीटर दूर आपल्या शहरापर्यंत आणतात. म्हणजे ज्या पाण्याने त्या मुलीची खडूची रेघ बुडविली, त्यातलेच थोडे आपल्या शाळेच्या टाकीत येत असेल. जे पाणी आपण रोज पितो त्याचा स्वभावही आपल्या मुलांना ठाऊक असावा, एवढेच आमचे म्हणणे.

ज्या दोन पालकांनी कार्यालयात येऊन हरकत घेतली होती, त्यांतले एक सहलीला आमच्याबरोबर आले होते. एका नावेत मुलांच्या जॅकेटचे पट्टे ओढून पाहण्याचे काम त्यांच्याकडेच होते. त्यांनी हरकत घेतली नसती, तर पंधरा दिवस आधी घाट पाहायला आम्ही गेलो असतो की नाही, हे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पालकांनी असेच विचारीत राहावे.

पुढच्या सहलीची संमतीपत्रे वर्गशिक्षकांकडे मिळतील. त्यावर आता एक नवा रकाना आहे : पाल्यास पोहता येते काय? ‘नाही’ असे उत्तर असेल तरी संकोच नको. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ते ‘होय’ करता आले, तर मात्र जरूर करावे.